दिल्ली पोस्टिंग : जनरेटर, गरम पाणी आणि एक रजिस्टर



मागचा लडाखचा लेख वाचून सांगलीकडच्या एका निवृत्त हवालदार साहेबांचा फोन आला. म्हणाले, "सुभेदार साहेब, आता दिल्लीत म्हणजे पीस पोस्टिंग. बंदूक नाही, बर्फ नाही. आता काय लिहिणार तुम्ही?" म्हटलं, जनरेटरवर लिहितो. ते हसले. पण गेलं दीड वर्ष मी जनरेटर, गरम पाणी आणि छतावरचं सोलर यांच्यातच अडकलोय, आणि त्यात एका वॉर्डातल्या माणसांच्या श्वासाचा प्रश्न आहे. त्यामुळे आज तेच.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. कुठलं स्टेशन, कुठलं रुग्णालय, किती लोड हे काही लिहिणार नाही. आकडे मुद्दाम गोल करून घेतलेत. गणित मात्र खरं आहे.

मी बॉम्बे सॅपर्सचा, ट्रेडने इलेक्ट्रिशियन. सीएमईतून ई/एमचा कोर्स झाल्यामुळे अधूनमधून एमईएसमध्ये पोस्टिंग येते. एमईएस म्हणजे फौजेची घरं, पाणी, वीज सांभाळणारी संस्था. दिल्लीत माझ्या वाट्याला एका फौजी रुग्णालयाचं पॉवर हाऊस आलं. दोन मोठे डिझेल जनरेटर, छतावर सोलर, तळघरात जुना डिझेलवर चालणारा बॉयलर, आणि वॉर्डावॉर्डात गिझर. चार वेगवेगळी यंत्रं, चार वेगवेगळी रजिस्टरं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

लडाखमध्ये हे चित्र मी वेगळ्या रूपात पाहिलं होतं. तिथे पोस्टवर जनरेटर विजेसाठी जळतो आणि शेजारी बुखारी उबेसाठी जळते. दोन्हींचं तेल त्याच ट्रकने, त्याच खिंडीतून चढून येतं. पोरं हुशार. जनरेटरच्या सायलेन्सरशेजारी पत्र्याचं पिंप ठेवून त्यात बर्फ वितळवायची. कुणी शिकवलं नव्हतं. मोठमोठ्या पुस्तकांत ज्याला कम्बाइन्ड हीट अँड पॉवर म्हणतात, त्याचा पहिला धडा मी त्या पिंपापाशी घेतला.

आपल्याकडच्या वाचकांना तर हा धडा नवा नाहीच. साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती म्हणजे हेच. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतं. ते बॉयलरला घालायचं, जोराची वाफ टर्बाइनवर सोडून वीज करायची, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या मंद वाफेवर रस आटवायचा. एकाच जळणातून दोन कामं. फक्त विजेसाठी जाळलं असतं तर दोन-तृतीयांश उष्णता हवेत गेली असती. कारखान्यात हे गणित जमतं, कारण हंगामात वीज आणि वाफ दोन्ही एकाच वेळी, रात्रंदिवस लागतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं इथेच अडतं.

जनरेटरमध्ये डिझेलच्या शंभर भागांतले ३५ ते ४० भाग विजेत जातात. उरलेल्यातला मोठा हिस्सा दोन वाटांनी बाहेर पडतो. एक इंजिन थंड ठेवणारं पाणी, ८५-९० अंशांचं. दुसरी धुराची नळी, चारशे अंशांच्या वर. या दोन्ही वाटांवर उष्णता पकडली तर जळणातला ७५ ते ८५ टक्के भाग कामाला येतो. नाही पकडली तर रेडिएटरचा पंखा ती दिल्लीच्या जूनमध्ये आणखी भर घालायला बाहेर फेकतो.

आता वॉर्डाबद्दल. नोव्हेंबरात दिल्लीची हवा काय होते ते टीव्हीवर तुम्ही बघताच. एक्यूआय ४०० पार गेला की सरकारी भाषेत 'गंभीर'. थंडीत जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूर खालीच बसतो. जनरेटरच्या धुराड्याच्या उंचीचा नियम आहे. केव्हीएचं वर्गमूळ काढायचं, त्याला ०.२ ने गुणायचं, आणि तेवढे मीटर इमारतीच्या वर धुराडं न्यायचं. ५०० केव्हीएला साडेचार मीटर. नियमाप्रमाणे आमचंही धुराडं आहे. पण ज्या इमारतीवरून ती उंची मोजली ती पॉवर हाऊसची बसकी इमारत, आणि शेजारी तीन मजली छातीच्या विकारांचा वॉर्ड. वाऱ्याने साथ दिली नाही की काय होतं ते सांगायला नको.

त्या वॉर्डात मराठा लाइट इन्फंट्रीचे एक निवृत्त नायक होते, सातारकडचे, मुलाकडे द्वारकेला राहायचे. दम्याचा जुना त्रास. मराठी बोलणारा भेटला म्हणून मी रोज जाऊन बसायचो. मी त्यांना नाना म्हणायचो, ते मात्र मला 'साहेब' सोडायचे नाहीत, वयाने वडिलांएवढे असून. एकदा म्हणाले, "साहेब, तुमचं इंजिन चालू झालं की मला घड्याळ बघावं लागत नाही. छातीलाच कळतं." रागाने नाही, सहज म्हणाले. वर म्हणाले, "पण बंद करू नका हो. पलीकडं ऑपरेशन चालू असतंय."

हाच पेच. जे यंत्र एका खोलीतला जीव वाचवतं तेच शेजारच्या खोलीतला कोंडतं. एनसीआरमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझेल जनरेटरना हवा गुणवत्ता आयोगाचे कडक नियम लागू झाले. मोठ्या संचांनी एकतर गॅस-डिझेल मिळून चालायचं, नाहीतर धुरातले कण अडवणारं उपकरण बसवायचं. रुग्णालयांसारख्या आणीबाणीच्या सेवांना सुरुवातीला सवलत होती. सवलत कागदाला असते, छातीला नसते.

आमच्या मेजर साहेबांनी तेव्हा विषय काढला. सगळं एकत्र बांधायचं. गॅसवरचं इंजिन, त्याच्या उष्णतेवर गरम पाणी, उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर थंडावा, छतावरचं सोलर, थोडी बॅटरी, आणि वर एक कंट्रोलर जो दर पंधरा मिनिटांनी ठरवेल की आता कोण काम करणार. याला मायक्रोग्रिड म्हणतात. बाहेरची वीज असेल तेव्हा तिच्याशी जोडलेलं, गेली की स्वतःच्या पायावर उभं.

कल्पना हवेतली नव्हे. दिल्लीतच एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरमध्ये बीईई आणि जर्मनीच्या जीआयझेडच्या सहकार्याने गॅस इंजिनावर वीज, उष्णता आणि थंडावा असा तिहेरी प्रकल्प गेल्या दशकात उभा राहिला. गुडगावच्या सायबर सिटीतल्या काही टोलेजंग इमारतींनीही हा मार्ग धरला होता. उष्णतेवर थंडावा करणारं जे व्हेपर अॅब्सॉर्प्शन यंत्र लागतं, ते बनवण्यात आपली पुण्याची थरमॅक्स नावाजलेली आहे. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे, तिथे थेट उन्हाच्या उष्णतेवर एसी चालवून पाहिलाय. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने आरशांवर ऊन गोळा करून एक मेगावॅट वीज करण्याचा प्रकल्पही तिथेच झाला. म्हणजे माणसं आपली, जागा दिल्लीची.

फौजी माणसाला पटेल असं उदाहरण मात्र जपानचं. सेंदाई शहरात एका विद्यापीठाच्या आवारात गॅस इंजिनं, सोलर, बॅटरी असं एकत्र जुळवलेलं होतं आणि त्यावर एक रुग्णालय होतं. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी झाली, शहराची वीज गेली. इंजिनंही सुरुवातीला बंद पडली, तेव्हा बॅटरीने अगदी महत्त्वाचा भार सांभाळला. मग इंजिनं पुन्हा चालू केली आणि बाहेरची वीज परत येईपर्यंत दोन-तीन दिवस रुग्णालयाला वीज आणि ऊब दोन्ही मिळत राहिली. आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत, तेव्हा तीन ग्रिडं. साठ कोटींवर माणसं अंधारात, दिल्ली मेट्रो जागच्या जागी. त्या दोन दिवसांत दिल्लीच्या रुग्णालयांनी किती डिझेल जाळलं असेल याचा विचार करून बघा.

तर पुरवठादार आले. सूट, लॅपटॉप, रंगीत आलेख. त्यांचं म्हणणं ३०० किलोवॅटचं इंजिन घ्या, सोबत थंडाव्याचं यंत्र घ्या, एकूण कार्यक्षमता ८५ टक्के. मेजर साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "आम्हाला उष्णता किती लागते?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. विजेला मीटर आहे, बिल येतं. गरम पाणी कुणी मोजतं का?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझं रजिस्टर सुरू झालं.

साधं काम होतं. गरम पाण्याच्या मुख्य नळावर वॉटर मीटर, वर-खाली दोन थर्मामीटर, दर तासाला नोंद. जिथे मीटर बसत नव्हता तिथे बादली आणि स्टॉपवॉच. माझ्या हाताखालचे दोन जवान पहाटे चारला लंगरपासून लाँड्रीपर्यंत फिरायचे. सिव्हिलियन ऑपरेटर, तीस वर्षं त्याच पॉवर हाऊसमध्ये काढलेले, आधी हसले. "साहब, पानी भी कोई तोलता है?" महिन्याभराने तेच मला सांगू लागले की रविवारी लाँड्री बंद असते, सोमवारी दुप्पट चालते, ती नोंद विसरू नका.

वर्षभराने जे दिसलं ते असं. जानेवारीत नळाला पाणी बारा अंशांचं येतं. ते साठ अंशांवर न्यावं लागतं, कारण साठच्या खाली साठवलेल्या कोमट पाण्यात लीजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात आणि रुग्णालयात ते चालणार नाही. दिवसाला वीस हजार लिटर धरा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. गुणाकार केला की साधारण अकराशे युनिट उष्णता येते. जूनमध्ये नळालाच पाणी बत्तीस अंशांचं, आंघोळीला कुणी गरम मागत नाही, फक्त लंगर आणि लाँड्री. आठ हजार लिटर. अडीचशे युनिट.

आता ३०० किलोवॅटचं इंजिन तासाला तेवढीच किंवा थोडी जास्त उष्णता देतं, ३३० धरा. म्हणजे ऐन थंडीत त्याने साडेतीन तासांत आमचं दिवसाचं पाणी तापवून टाकलं. उरलेले वीस तास उष्णता कुठे घालायची? जूनमध्ये तर पाऊण तासातच काम संपलं.

पुरवठादाराचं उत्तर तयार होतं, थंडाव्यात घाला. हिशोब करून बघितला. नव्वद अंशांच्या पाण्यावर चालणारं साधं यंत्र शंभर भाग उष्णतेतून सत्तर भाग थंडावा देतं. ३३० ला साधारण ६५ टन. पण ६५ टन थंडावा चांगला विजेवरचा चिलर पन्नासेक युनिटांत देतो. म्हणजे तीच ३३० युनिट उष्णता जानेवारीत ३३० युनिटांचे गिझर वाचवते आणि जूनमध्ये फक्त पन्नास युनिट वीज. जुने खिडकीतले एसी बदलायचे असतील तर सत्तर-ऐंशी म्हणा. एकाच मालाची किंमत ऋतूप्रमाणे सहापट खालीवर. हे त्या रंगीत आलेखात कुठेच नव्हतं.

गॅसचंही तसंच. एका घनमीटरमधून साडेतीन-चार युनिट वीज निघते. समजा गॅस पन्नास रुपये, तर नुसती वीज तेरा-चौदा रुपयांना पडली. उष्णताही पुरी वापरली तर युनिट सहा-सातपर्यंत उतरतं. म्हणजे उष्णतेला गिऱ्हाईक असेल तोवरच हे इंजिन परवडतं. आणि गॅसचा भरवसा? बवानाला १,३७१ मेगावॅटचं गॅसवरचं वीजकेंद्र उभं आहे, गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने चालू शकलेलं नाही. २०२२ मध्ये युक्रेनची लढाई सुरू झाली आणि आयात गॅसचे भाव कुठल्या कुठे गेले. रसद लांबून येत असेल तर फौजी माणूस आधी साठा बघतो.

सोलरचं वेगळं नाटक. बरेच वाचक विचारतात, छतावर सोलर आहे तरी लाइट गेल्यावर घर अंधारात का? कारण साधा इन्व्हर्टर ग्रिडचा ताल धरून चालतो. ग्रिड गेलं की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणारा लाइनमन मरेल. मायक्रोग्रिडमध्ये ताल देणारं दुसरं कुणीतरी लागतं, बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा इंजिन. आणि इंजिनाचे नखरे असतात. निम्म्याच्या खाली लोड आला की गॅस इंजिन फार वेळ चालवू नये. फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी सोलर भरात, रुग्णालयाचा लोड कमी, ३०० चं इंजिन जेमतेम शंभरावर घुटमळतंय. मग एकतर इंजिन बंद करा, नाहीतर फुकटचं ऊन फेकून द्या.

आमच्या आजोळी धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती. पाणी थोडं, शेतं बरीच. कुठल्या फडात यंदा कुठलं पीक, कुणाची पाळी कधी, हे गाव मिळून ठरवायचं, आणि पाटकरी ते अमलात आणायचा. कंट्रोलर हा तोच पाटकरी. फरक इतका, की त्याला उद्याचं ऊन, उद्याचं धुकं, उद्याच्या ऑपरेशनची यादी आणि विजेचा दर एकत्र धरून चोवीस तासांचा आराखडा करायचा असतो, आणि दर पंधरा मिनिटांनी तो बदलायचा असतो. मेजर साहेबांनी ते गणित लॅपटॉपवर मांडलं. माझ्या रजिस्टरमधली वर्षाची ८,७६० तासांची नोंद त्यात घातली. कुठल्या आकाराचं इंजिन घेतलं तर वर्षाचा खर्च आणि धूर सर्वांत कमी, हे यंत्राला शोधू दिलं.

उत्तर आलं ते पुरवठादाराच्या एक-तृतीयांश. शंभर किलोवॅटचं इंजिन. त्याची उष्णता ११५ च्या आसपास, म्हणजे जानेवारीत साडेनऊ तास चाललं की पाणी झालं. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर आणि पहाटे, जेव्हा वीजही लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकी. दहा हजार लिटरची चांगली गुंडाळलेली टाकी पंचेचाळीसवरून पंच्याहत्तर अंशांवर नेली की तिच्यात ३५० युनिट बसतात. तेवढ्याच युनिटांची बॅटरी घ्यायला गेलात तर कितीतरी पट पैसे. अशा दोन टाक्या. थंडाव्याचं यंत्र नको, त्या पैशात चांगला चिलर आणि उन्हाळ्यासाठी हीट पंप.

डिझेल जनरेटर मात्र राहणार. यावर मेजर साहेबांशी माझा थोडा वादही झाला. त्यांना तो काढायचाच होता. मी म्हटलं, सर, गॅस इंजिन एकदम मोठा भार उचलत नाही, पायरी पायरीने घेतं. डिझेल दहा-पंधरा सेकंदांत छातीवर घेतं. बॅटरी पहिली काही मिनिटं धरेल, पण भूकंपात गॅसची लाइन बंद झाली तर? भाराची यादी करून ठेवली : ऑपरेशन थिएटर, आयसीयू, डायलिसिस आधी, मग लिफ्ट आणि वॉर्डातले दिवे, गिझर आणि एसी शेवटी. ही यादी बनवताना डॉक्टर लोकांशी जेवढी हुज्जत झाली तेवढी सीमेवर कुणाशी झाली नाही. प्रत्येकाचा विभाग सर्वांत महत्त्वाचा. शेवटी डिझेल राहिलं, पण आठवड्याची टेस्ट दुपारी, वारा बघून, आणि धुराडं वॉर्डाच्या छपरावरून मोजायचं असं लिहून घेतलं.

लडाखमध्ये चुशूलला एनटीपीसीने फौजेसाठी २०० किलोवॅटचं सोलर-हायड्रोजन मायक्रोग्रिड हाती घेतलं, डिझेल जनरेटरच्या जागी. तिथल्या थंडीत उष्णतेला बाराही महिने गिऱ्हाईक आहे. मला विचाराल तर वीज आणि ऊब एकत्र करण्याची खरी जागा दिल्ली नाही, ती आहे. दिल्लीत हे छोटंच बरं.

बोर्डाचा अहवाल वर गेलाय. मंजुरी, निविदा, आपल्याला माहीत असलेला सगळा प्रवास बाकी आहे. मधल्या काळात आमच्या हातातलं जे होतं ते केलं. एक टाकी स्थानिक अधिकारात बसवली, दुपारच्या सोलरवर ती तापवायला लावली, आणि वॉर्डातले निम्मे गिझर बंद केले. पहाटेचा लोड उतरला, त्यामुळे लाइट गेल्यावर आता दोनाऐवजी एकच जनरेटर पुरतो. नाना आता साताऱ्याला गेलेत, तिथली हवा मानवते म्हणतात. त्यांच्या खाटेवर आता राजस्थानचे एक सुभेदार आहेत. त्यांना मी जनरेटरबद्दल काही विचारलेलं नाही.

माझी पोस्टिंग निघालीये. पुढच्या आठवड्यात रिलीव्हर येतोय, तोही सॅपर, मद्रासचा. चार्ज देताना त्याला तीन गोष्टी सांगायच्यात : सोमवारच्या लाँड्रीची नोंद वेगळी ठेव, टाकी संध्याकाळी साठच्या खाली उतरू देऊ नकोस, आणि खालच्या थर्मामीटरची काच तडकलीये, इंडेंट दिलंय, पाठपुरावा कर.